प्रेक्षक नव्हे, साक्षीदार व्हा

(लोअर परळ येथील एका बुद्धविहारात वर्षावासाच्या कार्यक्रमात एका वकील बंधूंनी दिलेले व्याख्यान. जी कुटुंबे त्या दिवशी उपस्थित राहू शकली नाहीत, त्यांच्या आग्रहावरून ते येथे संपूर्ण देत आहोत.)





आज मी आपल्यापुढे खेळाच्या मैदानाविषयी बोलणार आहे. वर्षावासाच्या पवित्र काळात, विहारात बसून कबड्डीची आणि क्रिकेटची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात आला असेल. त्यास माझे उत्तर असे की, जात जेथे जेथे दडून बसते ती प्रत्येक जागा शोधून काढणे हे धम्म स्वीकारलेल्या माणसाचे काम होय. कचेरीत आणि शाळेत कायद्याच्या धाकाने जीभ आवरून धरणारा मनुष्य मैदानाच्या कडेला गर्दीत उभा राहिला म्हणजे ती जीभ मोकळी सोडतो. गर्दीत त्याला नाव नसते, चेहरा नसतो आणि म्हणून जबाबदारीही नसते, असे त्यास वाटते. ही त्याची समजूत खोटी ठरविणे आपल्या हाती आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. गेल्या हिवाळ्यात आपल्याच भागात किशोर गटाचे कबड्डीचे सामने झाले. मंडळाचे नाव मी घेणार नाही आणि मुलाचेही नाही. कारण प्रकरण न्यायालयापुढे आहे. मुलगा पंधरा वर्षांचा. त्याच्या कुटुंबाने दोनच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. वडील एका इमारतीत रखवालदार आहेत, आई चार घरची कामे करते. दुसऱ्या डावात गुण बरोबरीत आले असता हा मुलगा चढाईस गेला, बोनस गुण घेऊन मध्यरेषेपलीकडे परतला आणि संघास आघाडी मिळाली. त्याच क्षणी समोरच्या गर्दीतून तिशीतल्या एका गृहस्थाने मुलाच्या पूर्वीच्या जातीचे नाव उच्चारून एक शिवी हासडली आणि हा कोणत्या राखीव जागेतून संघात आला, असे मोठ्याने विचारले. आजूबाजूचे पंधरावीस लोक हसले. सरपंचांनी खेळ थांबविला नाही. ध्वनिक्षेपकावर गुण पुकारणे चालूच राहिले. मुलाची आई त्याच गर्दीत, दहा पावलांवर उभी होती.

सामना संपला. मुलाचा संघ जिंकला. पण तो घरी गेला तो दुसऱ्या दिवशी सरावास आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही. आठवड्याने आईवडील माझ्याकडे आले तेव्हा मुलास बरोबर घेऊन आले. वडील म्हणाले, "साहेब, आम्ही गरीब माणसं. जाऊ द्या म्हणतो." आई काही बोलली नाही. मुलाने मात्र मला एकच प्रश्न केला, "आपण बौद्ध झालो ना? मग त्याने मला तसे का म्हटले?"

बंधु-भगिनींनो, पंचवीसएक वर्षांच्या वकिलीत मला पुष्कळ न्यायाधीशांनी प्रश्न विचारले. पण इतका कठीण प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी त्यास म्हटले, "बाळा, धर्मांतर तू केलेस. त्याने केलेले नाही." त्या वेळी सुचले ते एवढेच. आज जे बोलणार आहे ते या वाक्याचा विस्तार होय.

आयोजकांना आम्ही भेटलो तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले ते आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. ते म्हणाले, "वकीलसाहेब, खेळात असं चालायचंच. त्या भरात माणूस बोलून जातो." हे वाक्य वरवर निरुपद्रवी दिसते. आपण ते थोडे तपासून पाहू.

भरात बोललेला शब्द मनात नसतो, असे या वाक्यात गृहीत धरलेले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जे मनात साठलेले असते तेच भरात बाहेर पडते. ज्याच्या मनात समोरच्या मुलाविषयी 'हा खेळाडू आहे' एवढीच नोंद आहे, तो भरात फार तर त्याच्या खेळास नावे ठेवील. जातीचे नाव तोंडी यावयास ती जात आधी मोजून, लक्षात ठेवून, तयार ठेवलेली असावी लागते.

या शहराच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील थोर गोलंदाज. १८७६ साली जन्मलेला हा मनुष्य पुण्यात मैदानाची देखभाल करण्याच्या आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याच्या नोकरीत राहून गोलंदाज झाला. त्यांची कीर्ती वाढली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना आपल्या संघात घेतले. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतर खेळाडू आत बसून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात देण्यात येई. त्यांच्या हातातला चेंडू चाले, त्यांच्या हाताचा स्पर्श झालेला कप चालत नसे. पुढे ते मुंबईस आले. १९०६ च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, ज्या क्लबात त्या काळी केवळ युरोपियनांस प्रवेश होता आणि जेथे आज रग्बीचे सामने होतात, तेथे हिंदूंच्या संघाने युरोपियनांच्या संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळावयास १९२३ साल उजाडावे लागले. हेच बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले, हे आपणांस ठाऊक आहे. तो राजकीय मतभेद मी लपवीत नाही. पण त्यामुळे मातीच्या भांड्यातील चहाची हकीकत खोटी होत नाही.

यावरून मला काय सांगावयाचे आहे? टाळी म्हणजे समता नव्हे. जिंकताना मिळणारी टाळी ही आपल्या उपयोगाची पावती असते. माणूस म्हणून आपली किंमत केली गेली आहे किंवा नाही, हे आपण हरतो त्या दिवशी कळते.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या डोळ्यांदेखत घडलेली दुसरी सांगतो. टोकियो येथील ऑलिम्पिक स्पर्धेत ३१ जुलै २०२१ रोजी वंदना कटारिया या हॉकीपटूने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय महिला. साऱ्या देशाने तिचे कौतुक केले. ४ ऑगस्ट रोजी उपान्त्य सामन्यात आपला संघ अर्जेंटिनाकडून हरला. त्याच सायंकाळी हरिद्वार जिल्ह्यातील रोशनाबाद येथे तिच्या घरासमोर काही माणसे जमली. कुटुंबाच्या तक्रारीप्रमाणे, त्यांनी फटाके वाजविले, नाच केला, जातिवाचक शिव्या दिल्या आणि संघात दलित खेळाडू फार झाल्यामुळे पराभव झाला, असे म्हटले. कुटुंबाने गप्प न बसता तक्रार केली, पोलिसांनी ॲट्रॉसिटीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदविला आणि अटक झाली. ३१ जुलै ते ४ ऑगस्ट! देशाची कन्या ते जातीची शिवी हे अंतर अवघ्या चार दिवसांचे.

आता आपल्या बाजूचा विचार करू. आम्ही केवळ सोसणारे आहोत, असे समजण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. २००७ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाचा संघ येथे आला असताना अँड्र्यू सायमंड्स या कृष्णवर्णीय वंशाच्या खेळाडूस वडोदऱ्याच्या मैदानावर माकडाचे आवाज काढून हिणविण्यात आले. असे काही घडलेच नाही, असे प्रथम सांगण्यात आले. १७ ऑक्टोबरला आपल्या मुंबईत, वानखेडे मैदानावर, तोच प्रकार पुन्हा झाला, छायाचित्रांत उमटला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढावे लागले. त्या गर्दीत कोण कोण होते हे मला ठाऊक नाही. त्यात आपला एकही तरुण नव्हता, अशी शपथ आपल्यापैकी कोणी घेऊ शकेल काय? उलट, २०२१ च्या जानेवारीत सिडनी येथे हैदराबादच्या महंमद सिराजने आपल्यास प्रेक्षकांतून शिवीगाळ होत असल्याची तक्रार केली. पंचांनी खेळ काही मिनिटे थांबविला, सहा प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले आणि यजमान मंडळाने क्षमा मागितली. वानखेडेवर आपण होतो, सिडनीत ते होते. वर्णद्वेष हा कोणा एका जातीचा किंवा देशाचा रोग नाही. गर्दीत सुरक्षित वाटू लागले की तो कोणासही जडतो.

याच ऑस्ट्रेलियात ॲडम गुड्स नावाचा तेथील मूळ रहिवाशांपैकी एक नामांकित फुटबॉलपटू होऊन गेला. २०१३ साली मेलबर्नच्या मैदानावर प्रेक्षकांतील एका तेरा वर्षांच्या मुलीने त्यास वानर म्हटले. त्याने खेळ सोडून तिच्याकडे बोट दाखविले आणि तिला बाहेर नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याने लोकांना विनंती केली की, त्या मुलीवर राग काढू नका, तिला आधार द्या. तिला हे शिकविणारा समाज दोषी आहे. इतका समंजस मनुष्य! पण पुढे प्रेक्षकांनी त्यालाच लक्ष्य केले. २०१५ च्या हंगामात तो चेंडूस हात लावील तेव्हा हजारो लोक हुर्यो करीत. त्या वर्षअखेर त्याने खेळ सोडला. २०१९ साली त्या खेळाच्या नियामक संस्थेने आणि सर्व क्लबांनी त्याची क्षमा मागितली, आपण त्याच्या पाठीशी उभे राहिलो नाही असे कबूल केले. क्षमा आली, खेळाडू परत आला नाही. आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाने सराव सोडला तेव्हा मला गुड्सची आठवण झाली. जो शिवी देतो तो खेळाडूस जखमी करतो. जे गप्प बसतात ते त्यास मैदानातून घालवितात.

कायदासुद्धा ही गोष्ट हळूहळू शिकला आहे. इंग्लंडात १९९१ साली फुटबॉलच्या सामन्यात वर्णद्वेषी घोषणा देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला. पण घोषणा म्हणजे दुसऱ्या कोणाबरोबर मिळून वारंवार काढलेले शब्द किंवा आवाज, अशी व्याख्या झाली. परिणाम असा की, एकट्याने ओरडणारा सुटू लागला. १९९९ साली दुरुस्ती करून एकट्यानेही ते केले तरी गुन्हा होईल, असे स्पष्ट करावे लागले. गर्दीतील प्रत्येक मनुष्य स्वतंत्रपणे जबाबदार आहे, हे तत्त्व कायद्यात लिहावयास आठ वर्षे लागली.

आपल्याकडे हे तत्त्व आरंभापासून आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यामागून १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. या दुसऱ्या कायद्याच्या कलम ३ मध्ये, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, दोन उपकलमे आपल्या कामाची आहेत. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी, अपमान करण्याच्या हेतूने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस हिणविणे किंवा धमकाविणे हा एक गुन्हा. आणि अशाच ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा दुसरा. शिक्षा सहा महिन्यांपेक्षा कमी नाही आणि पाच वर्षांपर्यंत, शिवाय दंड. आरोपी स्वतः अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नसावा, ही अट आहे.

'लोकांच्या दृष्टीस पडेल असे ठिकाण' या शब्दांवर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जागा खाजगी असली तरी ती बाहेरच्या लोकांच्या दृष्टीस पडत असेल तर कायदा लागू होतो. २०२० साली त्याच न्यायालयाने सांगितले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमांत बसत नाही, आणि अपमान जातीच्या कारणानेच झालेला असला पाहिजे. आता आपणच विचार करा, शेकडो लोकांनी वेढलेल्या, दिव्यांनी उजळलेल्या कबड्डीच्या मैदानापेक्षा अधिक उघडी जागा कोणती? जो शब्द घरात उच्चारला असता तर सिद्ध करणे कठीण झाले असते, तो या मनुष्याने सार्वजनिक जागी उच्चारून स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच निर्माण केला. गर्दीस तो आपली ढाल समजत होता. कायद्याच्या दृष्टीने गर्दी म्हणजे त्याच्याविरुद्धची साक्षीदारांची यादी होय.

पण ही यादी कागदावर उतरली पाहिजे. तेथेच आपण कमी पडतो.

या ठिकाणी नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनातील एक शंका दूर करणे अवश्य आहे. त्या मुलाच्या आईने मला विचारले, "साहेब, आम्ही जात सोडली. आता फिर्यादीत तीच जात परत लिहायची? मग दीक्षा कशाला घेतली?" प्रश्न प्रामाणिक आहे. बौद्ध झाल्यामुळे हे संरक्षण जाते काय? नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये हे संरक्षण आरंभी केवळ हिंदूंपुरते होते. १९५६ साली त्यात शिखांचा आणि दीर्घ लढ्यानंतर १९९० साली बौद्धांचा समावेश करण्यात आला. म्हणून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या व्यक्तीस हा कायदा पूर्णपणे लागू आहे. मात्र फिर्याद देताना नुसते 'बौद्ध' एवढेच लिहून थांबू नये. आपण पूर्वी कोणत्या अनुसूचित जातीचे होतो हे नमूद करावे आणि जातीचा दाखला जोडावा. अन्यथा आरोपीचा वकील याच फटीतून बाहेर पडतो. ज्यांच्या कुटुंबाने दाखला अजून काढलेला नाही त्यांनी तो आजच काढावा, घटना घडण्याची वाट पाहू नये.

आणि त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: इस्पितळाच्या कागदावर रोगाचे नाव लिहितात, म्हणून रोगी त्या रोगाचा अभिमान धरतो असे होत नाही. जातीचे नाव फिर्यादीत लिहिणे म्हणजे जात परत स्वीकारणे नव्हे. आपल्यावर कोणत्या शस्त्राने वार झाला याची ती नोंद आहे. शस्त्र मारणाऱ्याचे आहे, आपले नाही.

फिर्याद कशी द्यावी, हेही थोडक्यात सांगतो. बोललेले शब्द जसेच्या तसे, कितीही ओंगळ असले तरी, त्याच दिवशी लिहून ठेवावेत. वेळ, जागा, सामना आणि जवळ उभे असलेल्यांची नावे लिहावीत. कोणी मोबाईलवर चित्रण केले असल्यास मूळ चित्रण तसेच जपावे, कापू नये, जोडू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही पोलिस ठाण्यात, हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती देता येते. ती तोंडी दिल्यास लिहून घेऊन वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाण्यात दाद न लागल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. या कायद्याखालील कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणारा सरकारी नोकर स्वतःच शिक्षेस पात्र ठरू शकतो. कलम १५ अ ने पीडितास आणि साक्षीदारासही संरक्षणाचा हक्क दिला आहे. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडितास आपले म्हणणे मांडता येते.

याबरोबर एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. जेवढे ऐकले तेवढेच सांगा. शिवी एक दिली असता तीन सांगू नका, जो मनुष्य नुसता हसला त्याने शिवी दिली असे म्हणू नका. आपण पंचशीलात असत्यापासून दूर राहण्याचे शील घेतलेले आहे; आणि शीलाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली तरी, एका खोट्या शब्दाने दहा खरी प्रकरणे बुडतात, हा माझा कोर्टातील अनुभव आहे.

आता पुन्हा त्या मुलाकडे येतो. आम्ही साक्षीदार शोधू लागलो. शब्द ऐकणारे किमान वीस होते. त्यांत आपल्या समाजाचे सहा होते. एक म्हणाला, माझी नोकरी जाईल. दुसरा म्हणाला, त्या मंडळाशी रोजचा संबंध आहे. तिसरा म्हणाला, मी हसलो नव्हतो, एवढे पुरे नाही काय? मी कोणास दोष देत नाही. गिरण्या गेल्यानंतर या भागात कायमची नोकरी ही किती दुर्मीळ वस्तू झाली आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या आईची मान खाली गेली ती शिवीने गेली नव्हती तितकी या उत्तरांनी गेली.

चौथ्या दिवशी सायंकाळी एक वृद्ध गृहस्थ माझ्या कचेरीत आले. मूळचे रत्नागिरीकडचे, जातीने मराठा; १९८२ च्या संपात गिरणीची नोकरी गेलेले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तो शब्द मी ऐकला. पोराच्या आईचं तोंडही पाहिलं. गिरणीत आमच्या वेळी विणखात्यात तुमच्या माणसांना घेत नव्हते. तेव्हा मी गप्प होतो. आता गप्प राहत नाही. कुठं सही करायची?"

मी थोडा वेळ काही बोलू शकलो नाही. विणखात्याची हकीकत आपणांस माहीत असेलच. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागत असे म्हणून त्या खात्यात अस्पृश्य कामगारांस मज्जाव होता; १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. त्या मज्जावाचा साक्षीदार आज आमच्या बाजूचा पहिला साक्षीदार झाला. ते आल्यावर आपल्यापैकी दोघांना धीर आला. पोलिस ठाण्यात प्रथम अदखलपात्र नोंद करू असे सुचविण्यात आले. कलमे दाखविल्यावर गुन्हा रीतसर नोंदला गेला. पुढील निर्णय न्यायालय देईल. त्याविषयी अधिक बोलणे मला उचित नाही.

येथे कोणी विचारील, तथागतांनी तर क्षमेचा उपदेश केला. मग बौद्धांनी कोर्टकचेरी कशाला करावी? भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण राजगृहात भगवंतांकडे येऊन अपशब्द बोलला, ती कथा आपण ऐकलेली आहे. भगवंतांनी त्यास शांतपणे विचारले की, तुझ्या घरी पाहुणे आले आणि तू वाढलेले अन्न त्यांनी घेतले नाही तर ते कोणाचे राहते? तो म्हणाला, माझेच. तसेच तुझे अपशब्द आम्ही घेत नाही, ते तुझेच राहिले, असे भगवंत म्हणाले. या कथेचा अर्थ 'गप्प बसा' असा काढणारे लोक कथा नीट वाचीत नाहीत. भगवंत गप्प बसलेले नाहीत. त्यांनी उत्तर दिले आणि शिवीची मालकी ज्याची त्यास परत केली. फिर्याद म्हणजे हीच परतपावती होय. मनात द्वेष न ठेवता, हात न उचलता, उलट शिवी न देता, ज्याचे त्यास परत करणे. ज्या मुलाने शिवी मनात घेतली तो सराव सोडतो. ज्याने ती कायद्याच्या हाती परत केली तो मैदानावर राहतो.

परंतु हा हक्क मागताना आपले स्वतःचे बाक आपण तपासले पाहिजेत. त्याच स्पर्धेच्या पुढील फेरीत, उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातील एका मुलास आपल्याच चाळीतील पोरांनी प्रांताच्या नावाने हिणविले. हसणाऱ्यांत आपली माणसे होती. त्या वेळी ज्या बाईच्या मुलास शिवी दिली गेली होती, ती तेथे होती. ती उठून पुढे गेली आणि त्या पोरांना एवढेच म्हणाली, "माझ्या पोराला बोलले तेव्हा तुम्हाला राग आला होता ना?" पोरे गप्प झाली. माझ्या या सबंध भाषणात जे आहे ते तिने एका वाक्यात सांगितले. परुष वाचेपासून दूर राहणे हा सम्यक वाचेचा भाग आहे. तो आपल्याशी बोलणाऱ्यांपुरता नसून आपल्यासाठी प्रथम आहे. मुसलमान खेळाडूस, ईशान्येकडून आलेल्या मुलास, मैदानात उतरलेल्या मुलीस उद्देशून आपल्या तोंडून अपशब्द निघाला तर समतेच्या प्रतिज्ञेचा भंग आपणच केला असे समजावे.

शेवटी काय करावयाचे ते सांगतो. आपल्यापैकी पुष्कळजण मंडळांचे आणि क्रीडा समित्यांचे सभासद आहेत. स्पर्धेच्या नियमपत्रकात एक नियम घालण्याचा आग्रह धरा: जातीवरून, धर्मावरून, प्रांतावरून, रंगावरून किंवा स्त्रीत्वावरून प्रेक्षकांतून अपशब्द आल्यास सरपंच खेळ थांबवून ध्वनिक्षेपकावरून ताकीद देतील, पुन्हा झाल्यास त्या प्रेक्षकास बाहेर काढून खेळ काही वेळ स्थगित ठेवतील, तरीही न थांबल्यास सामना बंद करतील. जागतिक फुटबॉलमध्ये ही तीन पायऱ्यांची पद्धत आहे. आपल्या मैदानास तीत अवघड असे काही नाही. सामना सुरू होण्यापूर्वी हा नियम मोठ्याने वाचून दाखवावा. घरी आपल्या मुलांना शिकवा की, प्रतिपक्षाची चढाई चांगली झाली तर टाळी द्यावी. आणि प्रत्येक सामन्यास जाताना मनाशी एवढे ठरवून जा की, असा शब्द कानावर आला तर 'मी ऐकले' असे म्हणावयास मी कचरणार नाही, मग तो शब्द कोणाच्याही मुलाविषयी असो.

तो मुलगा आता सरावास येतो. मागील पौर्णिमेस तो विहारात आला होता आणि आजही मागच्या ओळीत बसलेला आहे. त्याच्याकडे वळून पाहू नका, त्यास संकोच होईल. त्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर मी आज पुरे करतो. बाळा, धर्मांतर तू केलेस, त्याने केलेले नाही. त्याचे मन बदलेपर्यंत त्याची जीभ आवरण्यास कायदा आहे, आणि तो कायदा चालविण्यास तुझ्या बाजूने 'मी ऐकले' म्हणणारी माणसे हवीत. ती आम्ही होऊ.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!